स्कॅन ६२ टक्क्यांवर बसून राहिलंय

प्रश्न : घरचा कॉम्प्युटर फार हळू झाला म्हणून भाच्याच्या सांगण्यावरून रात्री नऊला विंडोजमधल्या डिफेंडर या अँटीव्हायरसचं फुल स्कॅन लावलं. सकाळी दूध तापवायला उठले तेव्हा ६२ टक्के. दुपारची जेवणं झाली, तरी ६२. बंद करून पुन्हा लावलं तर पुन्हा तिथंच अडलं. व्हायरसच त्याला पुढं जाऊ देत नसेल का? कॉम्प्युटर जुना, विंडोज १०चा आहे. सरळ फॉरमॅट मारू का? नातीचे बारशापासूनचे फोटो त्यातच आहेत.
– एक निवृत्त शिक्षिका, मानेवाडा, नागपूर

उत्तर : काकू, फॉरमॅटचं नाव आज काढूच नका.

टक्केवारी हा नुसता अंदाज असतो. तिच्याखाली तपासलेल्या फाइल्सचा आकडा असतो, तो बघा. तो सरकत असेल तर काम चालू आहे. लग्नाच्या शूटिंगची भलीमोठी झिप फाइल मध्ये आली, तर स्कॅन तिच्या आतली एकेक फाइल उघडून बघतं आणि बाहेरून वाटतं झोपलं. कधी कॉम्प्युटरच झोपतो, म्हणून पॉवर सेटिंगमधलं स्लीप बंद ठेवा. आणि भाच्याने दुसरा एखादा अँटीव्हायरस टाकून ठेवला असेल तर काढा. एका घरात दोन चौकीदार असले की ते एकमेकांनाच अडवतात.

पण तुमचं गाडं दोन्ही वेळा एकाच जागी अडलं. मला व्हायरसपेक्षा हार्ड डिस्कचा संशय जास्त. व्हायरसला अँटीव्हायरस नकोच असेल तर तो बहुधा त्याला सुरूच होऊ देत नाही. ६२पर्यंत कशाला थांबेल? स्कॅन चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, पण वाचण्याचा वेग जेमतेम, असं दिसलं तर बहुधा डिस्कचा तेवढा भाग खराब झालाय आणि ती तोच तुकडा पुन्हापुन्हा वाचायला बघतेय. आता कूलर बंद करा (त्याच्या घरघरीत काही ऐकू येत नाही) आणि कॅबिनेटला कान लावा. टक्... टक्... थोडं थांबून पुन्हा टक्. असा आवाज आला तर तिसऱ्यांदा स्कॅन लावू नका.

आधी फोटो बाहेर काढा. बाहेरच्या डिस्कवर फक्त फोटो आणि कागदपत्रं घ्या, प्रोग्रॅम नको. एखादा फोल्डर अडला तर सोडून पुढचा घ्या, त्याच्याशी शेवटी झगडू. मी स्वतः घरच्या डिस्कवर उत्साहात आधी चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारं विंडोजमधलं साधन) चालवलं होतं. मे महिना, पारा ४५वर, डिस्क रात्रभर खरडत राहिली आणि सकाळी उठलीच नाही. आईच्या आवाजातल्या ओव्या त्यात होत्या. दुरुस्तीच्या धंद्यात असून ही अक्कल मला नंतर आली!

फोटो उतरले की विंडोज सिक्युरिटीत जाऊन स्कॅन ऑप्शन्समधलं ऑफलाइन स्कॅन लावा. कॉम्प्युटर आपणहून रीस्टार्ट होतो आणि विंडोज उठायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे लपलेल्या व्हायरसला हातपाय हलवता येत नाहीत. साधारण १५ मिनिटं लागतात, दुखऱ्या डिस्कवर जास्त. त्यात काही सापडलं नाही, तर भाच्याला म्हणा, येताना एसएसडी (आत काही न फिरणारी, वेगवान डिस्क) घेऊन ये. आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय. या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चालतं का, तेही त्यालाच बघू दे.