"ताई, सोडायचीय पण मन पक्कं होत नाही"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय ना, की समोरचा खुर्चीत बसायच्या आधीच मला कळतं आता काय येणार. इथे इंदूरला मी लोकांना सिगरेट सोडायला मदत करते, तर माझ्याकडे एक गृहस्थ आले होते (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत), वय ४६, क्लॉथ मार्केटमधे हिशोबाचं काम, दिवसाला १२-१४ सिगरेटी. म्हणाले, ताई तुम्ही मला चांगलं झापा, त्याशिवाय माझ्यात कमिटमेंट येणार नाही.

झापायला घरचे होतेच की. आणि प्रतिज्ञाही भरपूर झाल्या होत्या, १ जानेवारी, पाडवा, मुलीचा वाढदिवस, एकदा तर इथल्या खजराना गणपतीला जाऊन नवसाचा उलटा स्वस्तिक काढून आले आणि सहाव्या दिवशी पानाच्या गुमटीवर (टपरीवर) उभे. त्यानंतर देवाला फसवलं म्हणून इतकं खाल्लं मनाला की पाकिटं वाढलीच.

मी झापलं नाही. विचारलं, शून्य ते दहामधे सोडायची इच्छा किती? म्हणाले, चार. आणि लगेच मान खाली, म्हणजे नापास. मग मी विचारलं, चारच का, एक का नाही?

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, आईला दिसत नाही आता, मी दारात आलो की चपलांच्या आवाजाआधी वासानं ओळखते, "आलास का रे" म्हणते. तेव्हा कसंतरी होतं.

आता सांगा, ह्या माणसात कमिटमेंट नाही? चार मार्कांची होतीच की, तो बिचारा दहाची वाट बघत बसला होता. माझा अनुभव असा की दहा आधी होत नाही, दोन-तीन दिवस निभावले की चाराचे पाच होतात, असं चालतं ते. "जन्मात ओढणार नाही" ही शपथ मी कुणालाच घ्यायला लावत नाही, मोडली की माणूस पण मोडतो.

दुसरं म्हणजे हे उठल्यावर पाच मिनिटात पहिली पेटवायचे. ही नुसती मनाची गोष्ट नाही हो, शरीराला निकोटीनची चांगलीच सवय लागल्याची खूण आहे, म्हणून डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी निकोटीन गम दिलं. तर हे साहेब ते च्युइंगमसारखं कचाकचा चावत होते, वर चहा! उचक्या लागल्या, डबी फेकली. गम हळू चावायचं, झिणझिणलं की गालात दाबून ठेवायचं, झिणझिण गेली की परत चावायचं, आणि चहा-कॉफी १५ मिनिटं आधीपासून बंद, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

चहाही कमी करायला सांगितला. सिगरेट सुटली की कॅफिन शरीरात जास्त वेळ टिकतं, नेहमीचेच सहा कप प्यायलात तर धडधड, झोप नाही, आणि माणसाला वाटतं सिगरेटविना जमतच नाही आपल्याला.

सोडायच्या तारखेवरून आमचं जरा वाजलंच. त्यांना रंगपंचमीची गेर (इथली रंगांची मिरवणूक) झाल्यावरची हवी होती, मी म्हटलं येता बुधवार, कसलाही मुहूर्त नसलेला. पहिले तीन-चार दिवस वाईट गेले, घरात सगळ्यांवर खेकसले. पण तलफ काही मिनिटांची असते, तेवढ्यात ते दुकानाचा जिना दोनदा चढायचे-उतरायचे. तीनेक आठवड्यांनी बरंच निवळलं.

मग घसरले. एका सहकाऱ्याच्या रिटायरमेंटची रात्र, सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, खाणंपिणं, आणि एक ओढली. सकाळी फोन, "ताई, सगळं पाण्यात गेलं." मी म्हटलं ३७ दिवसात एक, हिशोबाचे माणूस ना तुम्ही, मांडा बरं. हसले. दुसरी घेतली नाही, हे महत्त्वाचं.

ज्यांना माझ्यासारख्या कुणाकडे जायची लाज वाटते त्यांच्यासाठी पाकिटावरच क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणाऱ्या सेवेचा, नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६, फुकट आहे.

आता सात महिने झाले. हे दारात आले की आई विचारते, "कोण ते?" पहिल्यांदा त्यांना वाईट वाटलं म्हणे, आता रोज नाव सांगून आत जातात. लायटर अजून ड्रॉवरमधे आहे, मी फेका म्हटलं नाही, गणपतीत निरांजन लावायला तोच काढला होता.