खेड्यात राहून हाताने बनवलेली इलेक्ट्रिक गिटार करून घ्यावी का? घरचं जुनं सागवान त्यात चालेल का?

तुम्ही लिहिलंय की आजोबांचं घर पाडलं तेव्हाची सागाची म्याल (छताची आडवी तुळई) जपून ठेवली आहे, हाताशी ८० हजारांच्या आसपास आहेत, आणि एखाद्या कारागिराकडून त्यातूनच गिटार करून घ्यायचं मनात आहे. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यातला. पावसाळ्यात धान, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत गिटार. नेमका हाच उद्योग मी चार वर्षांपूर्वी करून बसलोय, म्हणून सांगतो.

आधी एक सांगा, सध्या कोणती गिटार वाजवता? एकही नसेल तर थांबा. दुकानातली साधी घ्या आणि दोन वर्षं घासा. चांगला कारागीर पहिल्याच फोनवर विचारतो, "आत्ताच्या गिटारीत तुम्हाला काय खटकतं?" तुमच्याकडे याचं उत्तर नसेल तर तो त्याच्या आवडीची गिटार तुमच्या पैशाने बनवेल. आणि नाही आवडली तर विकायला फार त्रास. हेडस्टॉकवर, म्हणजे गिटारीच्या वरच्या टोकावर, कोणाच्या ओळखीचं नाव नसतं, त्यामुळे घेणारा निम्म्यावरूनच बोलायला लागतो.

मला काय खटकतं ते पक्कं माहीत होतं. जुनी गिटार सिंगल कॉइलची, म्हणजे तिच्या पिकअपमध्ये तारेची एकच गुंडाळी. आपल्याकडे धान निघालं की शेताच्या बांधीतच मंडप पडतो, वीज खांबावरून ओढलेली नाहीतर जनरेटरची, शेजारी लाइटांचे डिमर. नायिका मेलेल्या नवऱ्याजवळ बसलीय, मंडपात चिटपाखरू बोलत नाही, आणि माझ्या ॲम्पमधून घुंऽऽ. डायरेक्टर विंगेतून हळूच म्हणाला, "का हो मास्तर, हा भुंगा काऊन सोडला?"

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. गिटारीच्या तारेची थरथर ती पकडते, तशीच आजूबाजूच्या ५० हर्ट्‌झच्या विजेची घरघरही पकडते. हंबकरमध्ये अशा दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडलेल्या असतात, त्यात घरघर कटते आणि सूर राहतो. सेथ लव्हर यांनी गिब्सन या गिटार कंपनीत १९५५ साली गिटारीसाठी असा पिकअप बनवला. तुम्ही गावात वाजवणार असाल तर डोळे झाकून हंबकर सांगा. लावणीच्या ठसक्याला कधी पातळ आवाज लागतो, त्यासाठी माझ्या गिटारीत टोनचं बटण वर ओढलं की एकच गुंडाळी चालू राहते. एक मात्र ध्यानात ठेवा, हंबकर शॉकपासून वाचवत नाही. गिटारीच्या तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात, आणि मंडपातलं अर्थिंग म्हणजे रामभरोसे. एका हातात गिटार असताना ओठ माइकला लावायच्या आधी मी माइकला टेस्टर लावतो. लोक हसतात, हसू द्या.

दुसरं, मी बसून वाजवतो. नाटक रात्री दहाला सुरू होतं आणि उजाडता उजाडता संपतं, वाजवणारे स्टेजपुढे खुर्चीवर. उभ्याने पट्ट्यावर छान तोललेली गिटार मांडीवर घेतली की कधी कधी नेक (गिटारीची लांब मान) खाली झुकतो आणि डावा हात रात्रभर नेक उचलण्यातच जातो. हे मी सांगितलं नसतं तर कारागिराला कुठून कळणार?

नेकबद्दल मात्र कंजूषपणा करू नका, वेळेचाही नाही. नागपूरच्या एका मित्राच्या गिटारीचा नेक माझ्या हाताला बसायचा. सोल्डरिंगची जाड तार पहिल्या आणि बाराव्या फ्रेटजवळ (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) नेकच्या पाठीवर दाबली, अलगद काढून कागदावर ठेवली आणि पेन्सिलीने ते वळण उतरवलं. बाजूला पट्टी ठेवून फोटो पाठवला. कारागीर म्हणाला, "इतकं कोणी पाठवत नाही." धानाच्या पेंढ्या बांधून माझी बोटं जाड झालीत, म्हणून नट, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी, ४२ ऐवजी ४३ मिलिमीटर रुंद केला. हसू नका, एका मिलिमीटरचा फरक बोटाला पहिल्या दिवशी कळतो. स्केल, म्हणजे नटापासून ब्रिजपर्यंत तारेची वाजणारी लांबी, २४.७५ इंच घेतली, गिब्सनवाली. फेंडरची २५.५ असते, त्याच सुराला तार जास्त ताणलेली राहते, आणि मला मींडेसारखी तार ओढायची सवय आहे.

आता तुमची म्याल. माझ्याकडेही होती. कारागिराने फोटोत रेषा पाहिल्या आणि नेकसाठी सरळ नाही म्हणाला. नेकला रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ लागते, आपल्या म्यालीत त्या तिरप्या पळत होत्या. नेक महोगनीचा तीन पट्ट्या जोडून केला, आत दोन्ही बाजूंनी फिरणारा ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करायची सळई), वर शिसवी फ्रेटबोर्ड. बॉडी म्यालीची. त्यासाठी साधारण ५० सेंटिमीटर लांब, १८ रुंद आणि ५ जाड असे दोन तुकडे निघायला हवेत. बारीक असेल तर तीन जोडावे लागतील. लोखंडी खिळे आधी शोधा. मी शोधून पाठवले असं मला वाटत होतं, तरी एक तुटका खिळा आत निघाला आणि त्याच्या रंध्याच्या मशीनचं पातं गेलं. पात्याचे पैसे मी दिले. सागाच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही, म्हणून चिकटवण्याआधी जोड ॲसिटोनने पुसावे लागतात. आणि साग जड. गिटारीसाठी नेहमी वापरतात त्या आल्डरपेक्षा बराच जड, म्हणून माझी बॉडी आतून दोन ठिकाणी पोकळ केलीय. तरी ३.९ किलो भरली.

लाकडाने आवाज बदलतो का, यावर लोक रात्र काढतात. माझं मत विचाराल तर भरीव बॉडीच्या इलेक्ट्रिक गिटारीत पिकअप, तारा आणि सेटअप यांचाच वाटा मोठा. म्याल वापरा ती आजोबांची म्हणून. आवाजासाठी आलापल्लीचा साग शोधत फिरू नका. शेताच्या धुऱ्यावरचं झाड तोडायचा विचार असेल तर तोही सोडा. साग स्वतःच्या शेतातला असला तरी परवानगी लागते, हलवायला वाहतूक परवाना लागतो, आणि ओलं लाकूड वाळायला वर्षं जातात. जुन्या म्यालीसाठीसुद्धा मी आधी वनविभागात विचारून कागद करून घेतला, मगच ती पुण्याला कारागिराकडे गेली.

पैसे: माझे ७६ हजार झाले, पातं धरून. एका आधीच्या माणसाने १० हजार ॲडव्हान्स घेतला आणि फोन उचलणं बंद केलं, ते यात धरले नाहीत. दुसऱ्याशी मी हिशेब तीन हप्त्यांत ठेवला: लाकूड कापल्याचा फोटो आला की एक, नेक बसला की एक, बाकी हातात आल्यावर. स्केल, नट, फ्रेट, पिकअप, वजनाची मर्यादा, सगळं एका कागदावर लिहून दोघांनी सही केली. कारागीर खरा असेल तर त्याला याचा राग येत नाही.

त्या कागदावर तारीखही होती. नोव्हेंबरात ऑर्डर, मार्चमध्ये गिटार. आली ऑगस्टच्या शेवटी. मी स्वतः पुण्याला जाऊन घेतली, नागपूरला उतरलो आणि उमरेड-भिवापूरमार्गे एसटीने आणली, मांडीवर ठेवून. उशिराचं मला तेव्हा फार काही वाटलं नाही, सीझन दिवाळीनंतरच सुरू होतो.

त्याचं खरं बिल पुढच्या मे महिन्यात आलं. पारा ४५ च्या वर आणि हवा पापडासारखी कोरडी. एका दुपारी नेकवरून हात खाली सरकवला तर तळव्याला करवतीसारखं लागलं. लाकूड आकसलं, धातू आकसला नाही, म्हणून फ्रेटची टोकं कडेने बाहेर आली होती. भर पावसाळ्यात, लाकूड दमट असताना फ्रेट ठोकले की आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे व्हायचंच. कारागिराने व्हिडिओ कॉलवर उपाय सांगितला, पण माझ्याकडे तेवढी बारीक कानस नव्हती. गावातल्या सोनाराकडे होती. फ्रेटबोर्डला मास्किंग टेप लावली, सोनाराने चष्मा वर केला आणि बावीस फ्रेटांची चव्वेचाळीस टोकं एकेक करून तिरपी घासली, लाकडाला न लावता. सव्वा तास गेला. पोरीच्या नथीचं काम बाजूला ठेवून केलं बिचाऱ्याने.

तेव्हापासून उन्हाळ्यात गिटार केसमध्येच असते, आणि कूलरच्या खोलीत तर अजिबात नाही. तिथे कूलर चालू असताना दमट आणि लाइट गेली की भट्टी, तारांनाही गंज चढतो. जून आणि नोव्हेंबर असे वर्षातून दोनदा नेक बघतो: तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबायची, मधे सातव्या-आठव्यापाशी पाव मिलिमीटरची फट हवी. ट्रस रॉड एका वेळी पाव आटाच फिरवायचा आणि दुसऱ्या दिवशी परत बघायचं.

तुम्ही ऑर्डर दिलीच तर कागदावर डिलिव्हरीच्या तारखेखाली आणखी एक ओळ लिहून घ्या: फ्रेट फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच बसवायचे, उशीर झाला तर पुढच्या फेब्रुवारीपर्यंत थांबायचं. माझ्या कागदावर ती नव्हती.