दाढी हातची की साच्यातली?

प्रश्न : अमेरिकेचे ५ सेंटचे जुने नाणे मिळाले. एका बाजूला बायसन, दुसरीकडच्या चेहऱ्याला दाढी नि टोपी कोरलेली. हातकाम कसे ओळखावे? – वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : हे ‘होबो निकेल’, म्हणजे ‘निकेल’ या ५ सेंटच्या नाण्यावरचा मूळ चेहरा हाताने कोरून बदललेले नाणे. मूळ नाणे १९१३ ते १९३८ मधले, ५ ग्रॅमचे. ७५ टक्के तांबे, बाकी निकेल. कोरताना धातू निघतो, म्हणून सोनाराच्या काट्यावर वजन जरा कमीच भरते. दहापट भिंगातून दाढी पाहा. हाताने कोरलेली रेघ धारदार, टोकाला निमुळती. ओतीव नकलेत ती बोथट, मध्येमध्ये सुईच्या टोकाएवढे खड्डे, कधी कडेला सांधा. टोपी बायसनपेक्षा चकचकीत दिसली तर काम बहुधा अलीकडचे. आणि कृपा करून चिंचेने घासू नका, त्या काळपटपणावरूनच तर वय कळते!