वाचकांचे प्रश्न : कर्तव्यावर मारल्या गेलेल्या पोलिसाची नोंद कशी शोधावी?

प्रश्न : माझे आजोबा परभणी जिल्ह्यात पोलीस जमादार होते. 1954 मध्ये दरोडेखोरांचा पाठलाग करताना गोळी लागून ते गेले. घरात फक्त एक फोटो आणि पट्ट्याचं बक्कल आहे. सरकारी नोंद मिळेल का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : मिळू शकते, नेटाने शोधा. बक्कल जपून ठेवा. त्यावरचा नंबर जिल्ह्यापुरता असतो आणि बदली झाली की बदलतो. त्यामुळे अर्जात नुसता नंबर देऊ नका. पूर्ण नाव, हुद्दा, ठाणं आणि घटनेची तारीखही लिहा.

आधी पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. विषय एकच ठेवा आणि मजकूर 150 शब्दांच्या आत बसवा. बरेच अर्ज इथेच अडतात. ‘माहिती मिळावी’ असं मोघम न लिहिता ‘सेवापुस्तकाची प्रत’, ‘गुन्हा नोंदवहीतल्या त्या पानाची प्रत’ असं नेमकं मागा. घटना 20 वर्षांहून जुनी असल्याने कलम 8(3) चा उल्लेख जरूर करा. माहिती नाकारण्याची बहुतेक कारणं मग लागू होत नाहीत. उत्तराची मुदत 30 दिवसांची. ‘अभिलेख नष्ट केले’ असं कळवलं, तर नष्ट केलेल्या अभिलेखांच्या यादीची प्रत मागा.

तुमच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच आहे. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे परभणीत काही सापडलं नाही, तर हैदराबादला तारनाक्यावरच्या तेलंगण राज्य अभिलेखागारात चौकशी करा. त्या काळातले कागद उर्दूत निघू शकतात, तेव्हा उर्दू वाचणारं माणूस सोबत न्या. आजीला निवृत्तिवेतन मिळत असेल, तर त्याचा जुना आदेश घरात शोधा. मराठवाड्याची निवृत्तिवेतन प्रकरणं नागपूरच्या महालेखापालांकडे असतात, त्यांना तो आदेश क्रमांक कळवा. शौर्यपदक मिळालं असेल, तर भारताच्या राजपत्रात, भाग 1, विभाग 1 मध्ये घटनेचं वर्णनही छापलेलं असेल. तो कागद हाती लागला, तर मोठंच काम होईल.

प्रश्न : पोलीस स्मृतिदिन 21 ऑक्टोबरलाच का?

उत्तर : 1959 मध्ये याच दिवशी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे, बेपत्ता सहकाऱ्यांना शोधायला निघालेल्या पोलीस तुकडीवर चिनी सैन्याने टेकडीवरून गोळीबार केला. 10 जवान मारले गेले. त्यांचे देह 13 नोव्हेंबरला परत मिळाले आणि तिथेच अंत्यसंस्कार झाले. जानेवारी 1960 मध्ये राज्यांच्या पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेने हा दिवस ठरवला.