खलाशी, लास्कर आणि तंबूचे दोर

प्रश्न असा आहे : १८५७–५८च्या लढायांत कलकत्ता बंदरातल्या व्यापारी जहाजांवरचे काही गोरे नाविक स्वखुशीने जमिनीवर लढायला गेले. मराठीत लिहिताना त्यांना ‘नौसैनिक’ म्हणावे की ‘खलाशी’?

भरती होण्याआधी तरी नौसैनिक नक्कीच नव्हेत. नौसैनिक म्हणजे नौदलाच्या पटावरचा माणूस. सोमालियाजवळ चाच्यांनी मालवाहू जहाज पळवले की आपल्या बातम्यांत लगेच ‘नौसैनिक ओलीस’ होतात. ते बिचारे तेल नाहीतर कोळसा वाहत असतात! ‘नाविक’ आणि ‘दर्यावर्दी’ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडतो. खरी गंमत ‘खलाशी’त आहे.

मूळ अरबी ‘ख़लास’, म्हणजे सुटका, मोकळीक. ‘पैसे खलास’मधला तोच. पण सुटकेतून जहाजावरचा माणूस कसा निघाला? यूल आणि बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ या हिंदुस्थानातल्या इंग्रजी बोलीच्या १८८६च्या कोशात इथे हात टेकले आणि कुणा विद्वान मित्राच्या भरवशावर एक जुना फारसी शब्द पुढे केला : ‘ख़लाशा’, म्हणजे जहाजाचे सुकाणू. आधार काय, तर ‘खलासी’ हा शब्द काही जण ‘श’ने लिहितात! मराठी माणसाला विचारले असते तर एवढी पायपीट वाचली असती. आपण सिपाहीचा शिपाई केला, तफ़सीलचा तपशील केला, फ़ारसी भाषेलाही फारशी म्हटले. ‘सी’ दिसली की ‘शी’ करणे ही आपल्या जिभेची जुनी खोड आहे, तिच्यावर सुकाणू कसले टांगता? शिवाय सुकाणू धरतो तो सुकाणी. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे खलाशी हा तंबू ठोकणाराही असे, मोजणीदाराची साखळी धरणाराही असे. तंबूला सुकाणू कुठून आणायचे?

माझे मत सरळ आहे. जहाज आणि तंबू यांत समान एकच गोष्ट : दोर. दोर ताणणारा, बांधणारा आणि वेळ आली की मोकळा करणारा, ‘खलास’ करणारा, तो खलासी. शीड सोडा, नांगर सोडा, तंबू सोडा, काम तेच. कोकणात मच्छीमार बोटीवर तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या म्होरक्याच्या, हाताखालचा माणूस आजही खलाशीच, आणि त्याचा निम्मा दिवस दोर-जाळ्यांतच जातो.

याला जोड मिळते ती ‘लास्कर’ या शब्दाची. फारसी ‘लश्कर’ म्हणजे फौज, छावणी. दौलतराव शिंद्यांच्या तळावरून ग्वाल्हेरच्या एका भागाचे नावच लष्कर पडले. पोर्तुगीजांनी हा शब्द इथल्या शिपायांना लावला, श्रीलंकेत ‘लास्करीन’ झाले. इंग्रजांच्या तोंडी मात्र ‘लास्कर’ म्हणजे हिंदी खलाशी, शिवाय तंबू ठोकणारा आणि तोफखान्यातला हरकाम्या. म्हणजे शिपायाचे नाव जहाजावर चढले आणि खलाशाशेजारी येऊन तीच कामे करू लागले! हा निव्वळ योगायोग म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

तोफांवरून आठवले. त्याच १८५७–५८च्या लढायांत ‘शॅनन’ या ब्रिटिश युद्धनौकेचा कप्तान विल्यम पील याने जहाजाच्या अवजड तोफा लखनौपर्यंत नेल्या, त्यासाठी उभारलेल्या पथकात कलकत्त्यात व्यापारी जहाजांवरचे नाविकही घेतले. अशा तोफा माणसांनी ओढून भिडवायच्या, तर दोरांची सवय असलेले हात नकोत का?

हां, तुमचा प्रश्न. पथकात शिरल्यावर त्यांना ‘स्वयंसेवक खलाशी’ म्हणा, चालेल. पण सरसकट नको. १८५८मध्ये बिहारमधल्या चकमकीसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला जॉर्ज बेल चिकन ‘इंडियन नेव्हल ब्रिगेड’ या जमिनीवर लढणाऱ्या नाविकांच्या पथकात हंगामी मास्टर, म्हणजे जहाज हाकण्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याच्या हुद्द्यावर, होता. मास्टरला खलाशी म्हणणे म्हणजे तांडेलाला जाळे उपसायला बसवणे. त्याला दर्यावर्दीच म्हणा.