मुंबई–लंडन: अंतरावरून वेळ काढताना

मुंबई ते लंडन सरळ हवाई अंतर साधारण ७,२०० किमी. विमानाचा वेग ताशी ९०० धरून ८ तास काढाल, तर फसाल. तिकिटावरची वेळ विमान गेटवरून हलल्यापासून ते तिकडच्या गेटला लागेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीकडची रांग आली, चढण-उतरण आली आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गर्दी असली की उतरण्याआधी आकाशात मारलेल्या घिरट्याही आल्या. शिवाय मार्ग नकाशावरच्या सरळ रेषेसारखा नसतो. पाकिस्तानची हवाई हद्द बंद असली की भारतीय विमानांना वळसा पडतो.

जाताना समोरून वारा, येताना पाठीमागून. त्यामुळे परतीचा प्रवास बहुधा तासाभराने कमी, हिवाळ्यात फरक आणखी जाणवतो.

खरी गोची घड्याळाची. दोन्ही वेळा स्थानिक असतात, नुसती वजाबाकी करू नका. समजा, जुलैत दुपारी १.३० ला निघून संध्याकाळी ६.३० ला पोचता. दिसतात ५ तास. त्यात दोन्हीकडच्या घड्याळांतल्या फरकाचे साडेचार मिळवा, साडेनऊ झाले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक वाढतो, तेव्हा साडेपाच मिळवायचे. येताना उलट, वजा करायचे. रात्री ९.३० ला निघालेलं विमान जुलैत मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला उतरतं, म्हणजे ९ तास. न्यायला येणाऱ्याला वेळेआधी तारीख सांगा. इमिग्रेशन आणि सामानाचा तास-दीड तास वेगळाच.