शंका-समाधान : रानरेड्याच्या शिकारीला जायचं, पण कुठं?

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली. खालची उत्तरं ज्या देशांत ती परवान्यानं, कोट्यानुसार चालते, तिथली आहेत. शेवटचं तेवढं घरचं.

मोसंबीच्या दोन हंगामांचे पैसे बाजूला काढलेत. आफ्रिकेत एक रानरेडा, म्हणजे केप बफेलो, मारायचा एवढीच हौस. दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आणि टांझानिया अशी तीन कोटेशनं आली आहेत. दक्षिण आफ्रिकेचं सगळ्यात स्वस्त आहे. घेऊ का? – एक वाचक, जालना

आकडे झाका आणि तिघांनाही एकच विचारा : जमिनीला कुंपण आहे का, आणि असलं तर आत हेक्टर किती?

दक्षिण आफ्रिकेतली बहुतेक शिकार खासगी, कुंपणबंद फार्मवर होते. रेडा पुष्कळदा लिलावात विकत घेऊन सोडलेला असतो आणि दर शिंगांच्या इंचांवर लावतात. पाच-सात दिवसांत काम होतं, रस्ते चांगले, दवाखाना जवळ. गुडघे कुरकुरत असतील किंवा सुट्टीच आठवड्याची असेल तर यात कमीपणा नाही. पण काही शे हेक्टरांत फिरणारा रेडा फार तर कुंपणापर्यंत पळणार, हे माहीत असूनच पैसे मोजा. क्रुगर उद्यानाला लागून, मध्ये कुंपण नसलेली टिंबावटी, क्लासेरीसारखी राखीव क्षेत्रं आहेत खरी, मात्र तिथला कोटा थोडा आणि दर चढा.

कुंपण म्हटलं की वाईटच, असंही नाही. झिंबाब्वेतल्या बुब्ये व्हॅली आणि सावे व्हॅली या कॉन्झर्व्हन्सींना, म्हणजे खासगी राखीव रानांना, बाहेरून कुंपण आहे, पण एकेकीचं क्षेत्र तीन लाख हेक्टरांच्या वर. तुमच्या जालना जिल्ह्याच्या चाळीस टक्के धरा. तिथल्या रेड्याच्या लेखी ते कुंपण नसल्यातच जमा.

झिंबाब्वेच्या उत्तरेला झांबेझी नदीच्या खोऱ्यात चेवोरे, डांडे हे शिकारीचे पट्टे आहेत. कुंपण नाही, जवळच माना पूल्स राष्ट्रीय उद्यान, जनावर मोकळं ये-जा करतं. पहिल्या रेड्यासाठी आमचं मत इथंच, आणि दिवस दहा. सात दिवसांत चौथ्या-पाचव्या दिवशी मनात धाकधूक सुरू होते आणि मग माणूस कोवळ्या रेड्यावर समाधान मानतो. दोन्ही शिंगं कपाळावर जिथं मिळतात तो टोप पाहायचा. तो केसाळ आणि मऊ दिसला तर रेडा अजून वयात यायचाय. वाळलेल्या खोडासारखा कडक, मधली फट जवळपास बुजलेली असली, तर तो पिकला. हे व्हायला सात-आठ वर्षं लागतात.

टांझानियात परवान्यालाच किमान दिवसांची अट असते, रोजचा दर जड, वर छोट्या विमानाचं भाडं वेगळं. तिथला मोठा सेलूस पट्टा २०१९ मध्ये तोडून त्यातून न्येरेरे राष्ट्रीय उद्यान काढलं, तेव्हा जुन्या जाहिरातीतला नकाशा आजही लागू आहे का, ते विचारा. रान अव्वल आहे, पण पहिल्याच खेपेला एवढा खर्च नको. मोझांबिकमध्ये झांबेझीच्या मुखाशी मारोमेऊच्या दलदलीत शेकड्यांचे कळप असतात. रेडा मिळण्याची शक्यता दांडगी, पण कमरेएवढ्या पाण्यातून आणि लव्हाळ्यातून चालायची तयारी हवी.

कोटेशनमधला आकडा आणि शेवटचं बिल यांत फरक पडतो असं ऐकतो. तो कुठं पडतो? – एक वाचक, अंबाजोगाई

सहा ठिकाणी. रोजचा दर गुणिले दिवस, रेड्याची ट्रॉफी फी (म्हणजे मारलेल्या जनावराचे पैसे), सरकारी शुल्क, विमानतळ ते कॅम्प प्रवास, भाड्याची बंदूक व काडतुसं, आणि बक्षिशी. कोटेशनमध्ये साधारण पहिल्या दोनच ओळी ठळक असतात. झिंबाब्वेत दहा दिवसांच्या रेड्याच्या सफारीला पंधरा ते वीस हजार डॉलर धरून चाला, मुंबईपासूनचं तिकीट वेगळं.

करारातली एक ओळ डोळे फाडून वाचा : जखमी जनावर हे मारलेलं जनावर धरलं जाईल. रक्ताचा थेंब दिसला आणि रेडा हाती लागला नाही, तरी फी पूर्ण द्यायची. गोळी आरपार जाऊन मागच्याला लागली, तर दोन रेड्यांची.

अनामत भरण्याआधी लेखी घ्यायचं ते असं : त्या पट्ट्याचा यंदाचा लीज कुणाच्या नावावर आहे, यंदाचा रेड्यांचा कोटा किती आणि त्यातले किती विकले गेले, तुमच्यासोबत कोणता प्रोफेशनल हंटर, म्हणजे शिकारीला सोबत येणारा परवानाधारक वाटाड्या, असेल, आणि त्याच दिवसांत तिथं दुसरा गिऱ्हाईक असेल का. मग गेल्या हंगामात रिकाम्या हातानं परतलेल्या एखाद्या माणसाचा फोन नंबर मागा. खूश गिऱ्हाइकांचे नंबर सगळेच देतात, हा देताना मात्र माणसाची ओळख पटते.

दिवाळीनंतर कापूस वेचून मोकळा होतो. डिसेंबरात गेलं तर? – एक वाचक, परभणी

नको. लुआंग्वा आणि झांबेझीच्या खोऱ्यांत सखल भागात तुमच्यासारखीच काळी जमीन आहे. तिथले लोकही तिला 'ब्लॅक कॉटन सॉइल' म्हणतात. पहिल्या दमदार पावसानंतर परभणीच्या रानात ट्रॅक्टरचं जे होतं, तेच तिथं लँड क्रूझरचं होतं. झांबियाच्या लुआंग्वा खोऱ्यातले बहुतेक कॅम्प नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत गुंडाळलेलेच असतात. शिवाय पावसात पाणी जागोजाग साचतं, कळप पांगतात, गवत डोक्याच्या वर जातं.

जून ते ऑगस्ट तिथला हिवाळा. पहाटे उघड्या गाडीत कानटोपी लागते, दुपार सुखाची. सप्टेंबर-ऑक्टोबरात डबकी आटतात, रेडे नदीकाठाला येतात आणि माग सोपा होतो, पण झांबेझीच्या खोऱ्यात पारा चाळिशी ओलांडतो. परभणीचा मे सोसणाऱ्याला त्याचं काय! तुमच्यासाठी ऑगस्टची अखेर किंवा सप्टेंबर, सोयाबीन काढणीच्या आधी उरकून या.

कपड्यांचं एक. निळा आणि काळा रंग घरीच ठेवा, कारण त्सेत्से माशी त्या रंगांवर धावते आणि पातळ कापडातून चावते. जाड, खाकी किंवा मातकट हिरवा कपडा घ्या. लष्करी ठिपक्यांचा मात्र नको. झिंबाब्वे आणि झांबियात सामान्य माणसानं तो घालणं हा गुन्हा आहे.

घरी आजोबांच्या वेळची पॉइंट ३१५ रायफल आहे, लायसन्स चालू आहे. तीच नेली तर? – एक वाचक, लातूर

ती तिथं कायद्यातच बसत नाही. पॉइंट ३१५ म्हणजे आठ मिलिमीटर. झिंबाब्वेत रेडा, हत्ती, पाणघोडा यांना किमान ९.२ मिलिमीटर व्यासाची गोळी आणि ५.३ किलोज्यूल ऊर्जा लागते. इतर बहुतेक ठिकाणी पॉइंट ३७५ ही खालची मर्यादा धरतात. पॉइंट ३७५ एच अँड एच मॅग्नम हे काडतूस १९१२ सालचं, ३०० ग्रेन वजनाची गोळी, आणि शंभर वर्षांनंतरही पहिल्या रेड्याला त्याहून शहाणी निवड नाही. इथून बंदूक नेण्या-आणण्याचे दाखले, विमान कंपनीची परवानगी आणि तिथला तात्पुरता परवाना यांत तीन महिने घालवण्यापेक्षा कॅम्पचीच रायफल भाड्यानं घ्या.

सराव मात्र इथंच करायचा. तिथं बाकावर बसून कुणी गोळी मारत नाही, तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर उभ्यानं मारतात. सहा फुटी तीन बांबू घ्या, वरच्या टोकापासून वीतभर खाली सायकलच्या ट्यूबची कडी घट्ट चढवा, पाय फाकवले की झालं. रायफल क्लबात पॉइंट २२ घेऊन पन्नास-साठ मीटरवर बशीएवढ्या निशाणावर मारा. काठ्या टेकवल्यापासून पाच सेकंदांत, दहापैकी नऊ आत बसेपर्यंत. एअर रायफलनं गोठ्यामागं रोज वीस गोळ्या मारल्या तरी हात बसतो. मोठ्या बोअरच्या मात्र कॅम्पवर रायफल तपासताना तीन-चारच. जास्त मारल्या की खांद्याला धक्क्याची भीती बसते, आणि खटका ओढायच्या क्षणी डोळा मिटतो.

चूक होते ती उंचीची. रेड्याच्या खांद्यावरचा उंचवटा हा मणक्याच्या उभ्या हाडांचा असतो, फुप्फुसं बरीच खाली असतात. अंगाच्या मधोमध नेम धरला की गोळी वर जाते. जनावर आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या रेषेत, खालून एक तृतीयांश उंचीवर धरा. पहिली गोळी आत फुलणारी, नंतरच्या न फुलणाऱ्या, म्हणजे सॉलिड. कळपात पहिलीच सॉलिड मारली की ती आरपार जाऊन मागच्याला लागते. आणि एक मारून बघत उभं राहायचं नाही, उभा दिसतोय तोवर मारत राहायचं. सहा-सातशे किलोचं जखमी जनावर दाट झुडपात दबा धरून बसतं, आणि तिथं पुढं तुमच्या हंटरला आणि माग काढणाऱ्याला जावं लागतं.

सिंहाच्या शिकारीची एक जाहिरात दिसली : आठवडाभरात, शंभर टक्के खात्री. खरं असेल का? – एक वाचक, नांदेड

खात्री खरी असेल, शिकार खोटी. दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात वाढवलेला सिंह गिऱ्हाईक यायच्या थोडं आधी कुंपणात सोडतात. हा धंदा बंद करण्याचं धोरण तिथल्या सरकारनं २०२१ मध्येच जाहीर केलं. रानातला सिंह टांझानिया, झांबिया, झिंबाब्वे किंवा मोझांबिकमध्ये. टांझानियात एकवीस दिवसांची सफारी आणि सिंह किमान सहा वर्षांचा, अशी अट आहे. आयाळ दाट म्हणजे म्हातारा असं समजू नका. नाक पाहतात. लहानपणी गुलाबी असतं, वयाबरोबर काळं पडत जातं.

जमिनीचे कागद इथं दुप्पट काळजीनं बघायचे. २०१५ मध्ये झिंबाब्वेतल्या ह्वांगे उद्यानाबाहेर मारलेला, गळ्यात संशोधकांचा पट्टा असलेला सेसिल नावाचा सिंह जगभर गाजला. तिथंही मूळ वाद हाच होता की त्या जमिनीवर सिंहाचा कोटा होता का.

मावसभाऊ नैरोबीत आहे. राहायची सोय फुकट. केनियात शिकार जमेल का? – एक वाचक, हिंगोली

नाही. तिथं १९७७ पासून बंद आहे. भावाकडं मुक्काम करून पुढं टांझानियाला जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, अधिकृत केंद्रावरच घ्या. एकदा घेतली की जन्मभर चालते. दाखला नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावरून सहा दिवस विलगीकरणात बसवू शकतात. अदिस अबाबामार्गे जाणाऱ्यांनीही तो खिशात ठेवावा.

शिंगं घरी दिवाणखान्यात लावता येतील? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

ती हौस सोडा. भारतात वन्यप्राण्याचे अवयव आणायला आयातीची आणि वन्यजीव खात्याची परवानगी लागते. ती हातात नसताना पेटी उतरली की कस्टम जप्त करणार, आणि वर गुन्हा. कवटीची मोजमापं आणि फोटो आणा. मांस कॅम्प आणि आजूबाजूची गावं नेतात. झिंबाब्वेत १९८९ पासून चालू असलेल्या कॅम्पफायर योजनेत शिकारीच्या उत्पन्नातला वाटा गावांना मिळतो. तुमचा पट्टा त्यात येतो का आणि गावाला किती जातं, हेही विचारून घ्या.

मारायचं नाही, पण जीप नको, पायी जवळून बघायचंय. – एक वाचक, धाराशिव

मग तर निवड आणखी सोपी. झांबियातलं साउथ लुआंग्वा, झिंबाब्वेतलं माना पूल्स. दोन्हीकडं हत्यारबंद वाटाड्यासोबत चालत फिरता येतं. रानरेडे तेच, माती तीच, खर्च बराच कमी. माना पूल्सला सप्टेंबर उत्तम. वारा कुठून येतोय ते बघायला वाटाडा राखेची छोटी पिशवी झटकतो, तिच्यावर डोळा ठेवा. राख तुमच्याकडून रेड्यांकडं उडाली की मागं फिरायचं.

आफ्रिकेचं राहू द्या. आमच्या तुरीत रानडुकरं घुसतात, त्यांना मारता येईल का? – एक वाचक, किनवट

वन अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय नाही, आणि वीज सोडलेली तार तर कधीच नाही, तीत डुकराआधी शेजारचा माणूस सापडतो. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढा, सातबारासह अर्ज वनपालाकडं द्या आणि पंचनामा होईपर्यंत मोडलेली तूर उपटू नका.